जहाजाखाली उतरणाऱ्याच्या खिशात चावी हवी



मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन वाजला. मालवणकडचा एक ओळखीचा मुलगा होता. आखातातल्या एका बंदराबाहेर तो डायव्हरचं काम करतो. नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू जहाजांखाली उतरायचं आणि तळ तपासायचा, हे त्याचं रोजचं काम. त्याचं नाव, बंदर, कंपनी यातलं काहीच लिहीत नाही, कारण तो अजून तिथेच नोकरीला आहे. त्याचा प्रश्न साधा होता.

"दादा, तू टेक्सासमध्येच आहेस ना? एक एजंट म्हणतो टेक्सासला डायव्हरची नोकरी आहे. आठ लाख मागतो. आधी व्हिजिट व्हिसावर जा, कागद तिथे गेल्यावर करू म्हणतो. येऊ का?"

मी प्लेनोत राहतो. इथून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे गॅल्व्हेस्टन, गाडीने जवळजवळ पाच तास. मी दुकानांच्या आणि ऑफिसांच्या छपरांवर चढून एसी दुरुस्त करतो. जहाजाखाली मी कधी उतरलेलो नाही. पण मी त्याला विचारलं, "तिथली नोकरी का सोडतोस?" मग त्याने जे सांगितलं, त्यासाठी हा लेख लिहितोय.

जहाजाला इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं. ते आत घेण्यासाठी तळाशी आणि बाजूला खोबणी असतात, त्यावर लोखंडी जाळी असते. त्याला सी-चेस्ट म्हणतात. हा मुलगा ती जाळी तपासत होता. वरून सांगितलं होतं, पंप बंद आहेत. पण एक पंप चालू झाला. ओढ लागली आणि त्याचा हात जाळीला चिकटला. त्याने कसाबसा हात मागे ओढला, हातमोजा तिथेच राहिला. वर येऊन सांगितलं, तर सुपरवायझर म्हणाला, "दहा मिनिटं बस, चहा घे, परत जा." आणि हा परत गेला.

"का गेलास?" मी विचारलं.

"नाय म्हटलंय असतंय तर घराक जावचा लागला असता. घरावर कर्ज आसा."

माझं म्हणणं ह्या 'नाय' बद्दल आहे. पाण्याखालच्या माणसाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हटल्यावर त्याची नोकरी, व्हिसा, घर शाबूत राहिलं पाहिजे. बाकी सगळी सुरक्षा, म्हणजे हेल्मेट, कॅमेरा, नळ्या, झेंडे, यानंतर येते.

हे काम आहे तरी काय

तुमच्यातले बरेच जण गोदीत, बांधकामावर, गोदामात, किचनमध्ये आहात. त्यांना हे काम माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो.

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मालवाहू जहाजाच्या तळाची पाच वर्षांत किमान दोनदा तपासणी व्हावी लागते, आणि दोन तपासण्यांमध्ये ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. पूर्वी त्यासाठी जहाज सुक्या गोदीत चढवावं लागायचं. तो खर्च मोठा, आणि जहाज उभं राहिलं की रोजचं भाडंही बुडतं. म्हणून अटी पूर्ण होत असतील तर त्यातली एक तपासणी जहाज पाण्यात असतानाच करायची परवानगी असते. त्यासाठी डायव्हर खाली उतरतो. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा आणि दिवा असतो. वर सर्व्हेअर पडद्यावर बघतो आणि सांगतो, "डावीकडे जा, ती वेल्डिंगची शिवण दाखव, सुकाणूच्या बेअरिंगमधली फट मोज, प्रॉपेलरच्या पात्याला चीर आहे का बघ, गंज थांबवायला लावलेले झिंकचे ठोकळे किती उरलेत ते दाखव."

शिवाय तळाला शेवाळ आणि शंख-शिंपले धरले की जहाज जड जातं आणि तेल जास्त जळतं. दुसऱ्या देशातले जीव तळाला चिकटून आपल्या पाण्यात येतात ही काळजीही आहे. त्यावर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सुधारल्या. त्यामुळे तळ तपासायचं आणि घासायचं काम वाढतच जाणार आहे. म्हणजे जहाज मालकाची सुकी गोदी वाचते, तेल वाचतं, दिवस वाचतात. ही सगळी बचत एका माणसाच्या फुफ्फुसावर उभी आहे, आणि त्या माणसाचं नाव जहाजाच्या खलाशांच्या यादीत नसतं. तो कंत्राटदाराचा माणूस असतो, बऱ्याचदा कंत्राटदाराच्या कंत्राटदाराचा.

पाणी किती जोरात ओढतं

आपल्याला वाटतं, पाण्याखालची भीती म्हणजे श्वास संपणं किंवा मासा चावणं. जहाजाखाली खरी भीती दोन गोष्टींची. एक, प्रॉपेलर फिरणं. दुसरी, पाण्याची ओढ.

साधा हिशेब करा. जाळी पाण्याखाली ८ मीटरवर आहे आणि एका फुटाची चौकट आहे, म्हणजे ३० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटर. आतली बाजू रिकामी असेल, दाब फक्त हवेचा असेल, तर बाहेरचं पाणी त्या चौकटीवर सुमारे ७०० किलोने रेटतं. त्यात तुमचा हात किंवा पाठ अडकली, तर वरच्या चार माणसांनी दोरी ओढूनही ती सुटत नाही. दोन्ही बाजूंचा दाब सारखा होईपर्यंत माणूस तिथेच. आणि ही ओढ दिसत नाही. गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, ओढ कुठून दिसणार?

२५ फेब्रुवारी २०२२ ला त्रिनिदादमध्ये पाच डायव्हर एका तेल कंपनीच्या धक्क्यावर समुद्राखालच्या पाइपलाइनचं काम करत होते. दाबातल्या अशाच फरकाने ते पाचही जण ३० इंची पाइपात खेचले गेले. एक जण कसाबसा बाहेर आला. बाकीचे आत जिवंत आहेत असं त्याने सांगितलं. त्यांना काढायला आत उतरण्याची तयारी असलेले डायव्हर बाहेर होते, त्यांना परवानगी मिळाली नाही. चौघे मेले. पुढे चौकशी आयोग बसला, अहवाल आला. ते काम जहाजाच्या तळाचं नव्हतं, पण माणूस मारणारी गोष्ट तीच होती: दाबातला फरक, आणि तो बंद झालाय की नाही हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवणं.

माझ्या खिशातली चावी

आता माझ्या कामाचं सांगतो. मी छपरावर चढतो, मोठ्या पंख्याला हात घालायच्या आधी वीज तोडतो आणि त्या खटक्याला माझं स्वतःचं कुलूप लावतो. त्याला लाल पट्टी असते, त्यावर माझं नाव. चावी माझ्या खिशात. खालचा मॅनेजर कितीही ओरडला, "गिऱ्हाईक घामाघूम झालंय, लवकर चालू कर," तरी मी उतरेपर्यंत पंखा फिरू शकत नाही. दोघे काम करत असू तर दोन कुलपं. ही माझी हुशारी नाही, अमेरिकेत १९८९ पासून कारखान्यांसाठी हा नियम आहे.

मी त्या मुलाला विचारलं, "तुझं कुलूप कुठे होतं?" तो हसला. म्हणाला, "दादा, कागद असतो. चीफ इंजिनियरची सही असते. मी तो कागद बघितलेला पण नाही. सुपरवायझर वरून अंगठा दाखवतो, म्हणजे सगळं बंद."

हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटू नये. जमिनीवर पंख्याखाली हात घालणाऱ्याच्या खिशात चावी असते. मग समुद्रात, जिथे ओरडलं तरी कोणाला ऐकू जात नाही, तिथे चावी दुसऱ्याच्या खिशात का? सही ही इंजिनियरची असते, जीव डायव्हरचा असतो. माझी मागणी सरळ आहे. प्रॉपेलर, सुकाणू, बो-थ्रस्टर आणि पंप यांच्या खटक्यांवर डायव्हरच्या टोळीतल्या माणसाने स्वतः जाऊन कुलूप लावावं, चावी डायव्हच्या जागी वर ठेवावी, आणि डायव्हर वर येऊन स्वतः हो म्हणेपर्यंत ती कोणालाही देऊ नये. पंप पूर्ण बंद करता येत नसेल, तर निदान त्या बाजूची सी-चेस्ट बंद करून दुसऱ्या बाजूने पाणी घ्यावं आणि कोणती बाजू चालू आहे ते उतरणाऱ्याला तोंडावर सांगावं. ह्याला अर्धा तास लागतो. अर्धा तास जहाज थांबू शकतं.

कायद्यातलं एक वाक्य

अमेरिकेत व्यावसायिक डायव्हिंगचे ओशाचे नियम १९७७ पासून आहेत, आणि काही कामांना कोस्ट गार्डचे नियम लागतात. ओशाच्या नियमांमधल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा. कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध पाण्यात उतरवायचं नाही. डायव्हरने वर यायचं म्हटलं की काम तिथेच थांबवायचं. उतरण्याआधी काम काय, धोका काय, ते टोळीला सांगायचं. आणि सुरक्षेची पुस्तिका कामाच्या जागी असली पाहिजे, टोळीतल्या प्रत्येकाला ती बघता आली पाहिजे.

म्हणजे 'नाही' म्हणायचा हक्क कागदावर स्पष्ट लिहिलेला आहे. काही जण म्हणतील, "मग झालं की. नियम आहे, तक्रार करा." हे म्हणणाऱ्याच्या खिशात बहुधा निळा पासपोर्ट असतो. त्यांच्यासाठी पुढची गोष्ट.

प्लेनोपासून पाचेक तासांवर, ह्याच टेक्सासमध्ये ऑरेंज नावाचं गाव आहे. कतरिना वादळानंतर, २००६ च्या सुमारास, सिग्नल इंटरनॅशनल ह्या कंपनीने सुमारे ५०० भारतीय कामगार एच-२बी व्हिसावर आणले. काही ऑरेंजला, काही मिसिसिपीतल्या पास्कागुलाला. ते डायव्हर नव्हते, तेलाचे रिग दुरुस्त करणारे वेल्डर आणि पाइपफिटर होते. भरती करणारा दलाल मुंबईचा. ग्रीन कार्ड मिळेल असं सांगून एकेकाकडून दहा ते वीस हजार डॉलर घेतले. कोणी घर गहाण टाकलं, कोणी बायकोचे दागिने विकले. इथे आल्यावर कुंपणाच्या आतली वस्ती, एका ट्रेलरमध्ये २४ माणसं, आणि त्याचं भाडं म्हणून महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापलेले. तोंड उघडलं तर व्हिसा संपला, परत भारतात, कर्ज डोक्यावर.

तरीही ती माणसं बोलली. मार्च २००८ मध्ये कामगार बाहेर पडले, न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनकडे चालत निघाले, तिथे उपोषणाला बसले. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पाच कामगारांना मिळून १ कोटी ४० लाख डॉलर द्यायचा निकाल दिला. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि इतर दाव्यांसाठी २ कोटी डॉलरच्या तडजोडीला कबूल झाली, माफीही मागितली. फेडरल कोर्टांच्या वाटणीत टेक्सासचा जो पूर्व जिल्हा आहे, त्यात माझं प्लेनोही येतं आणि ऑरेंजही. ऑरेंजच्या काही कामगारांचे दावे ह्याच जिल्ह्यात दाखल झाले होते.

न्याय मिळाला, हे खरं. पण सात वर्षं लागली. आणि सुरुवातीला ती माणसं गप्प का बसली? कायदा नव्हता म्हणून नाही. कर्ज होतं म्हणून, आणि व्हिसा मालकाच्या नावाला बांधलेला होता म्हणून. मालवणच्या त्या मुलाचा हात जाळीला चिकटला तो पंपामुळे. पण दहा मिनिटांनी तो परत खाली गेला तो कर्जामुळे. पंपाला कुलूप लावता येतं. कर्जाला आणि बांधलेल्या व्हिशाला कुलूप कोण लावणार? म्हणून मी म्हणतो, भरती फी आणि मालकाला बांधलेला व्हिसा हे डायव्हिंगच्या सुरक्षेचेच प्रश्न आहेत. धोक्याची तक्रार करणाऱ्याला देशात राहून दुसरा मालक शोधता आला, तरच तो 'नाही' म्हणेल.

आता कामाचं

त्या मुलाला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

व्हिजिट व्हिसावर येऊन इथे हाताने काम करता येत नाही. "आधी ये, मग कागद करू" म्हणणारा एजंट तुम्हाला पहिल्या दिवसापासून मालकाच्या मुठीत देतोय. एच-२बी च्या नोकरीसाठी कामगाराकडून भरती फी घेणं अमेरिकेच्या नियमात बसत नाही. भारतातही परवानाधारक एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. एजंटचा परवाना ई-मायग्रेटच्या साइटवर बघा. आठ लाख मागणारा माणूस नोकरी विकत नाही, तुमची जीभ विकत घेतोय.

तारकर्लीला शिकून स्कूबाचं कार्ड मिळालेली आपली बरीच मुलं आहेत. चांगलं शिक्षण आहे, पण ते पर्यटकाला मासे दाखवण्याचं शिक्षण आहे. जहाजाखालच्या कामाला वेगळं व्यावसायिक प्रशिक्षण लागतं: वरून नळीने हवा, बोलायची तार, हत्यारं, दाबाच्या फरकाचं ज्ञान. स्कूबाचं कार्ड बघून कोणी लगेच जहाजाखाली उतरवत असेल, तर त्याला डायव्हर नको आहे, स्वस्त माणूस हवा आहे.

कामावर पोचल्यावर चार प्रश्न विचारा. बंद केलेल्या यंत्रांची यादी कुठे आहे, मला दाखवा. वर तयार उभा असलेला दुसरा डायव्हर कोण? माझ्याकडे वेगळी राखीव हवा आहे का? डायव्हर पाण्यात असल्याचा निळा-पांढरा 'अल्फा' झेंडा लावलाय का? एकाचंही उत्तर नाही आलं, तर उतरू नका. एकट्याने नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून टोळीने आधीच ठरवा की एक नाही म्हणाला तर कोणीच उतरणार नाही. हे सगळ्या देशांत चालतं, याला व्हिसा लागत नाही.

काम संपल्या संपल्या विमानात बसवून घरी पाठवत असतील तर थांबा. लागोपाठ बुड्या मारल्यावर किमान १८ तास, शक्यतो २४ तास, विमान टाळा. सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर येणं ह्याला थकवा समजू नका. रक्तात वायूचे बुडबुडे धरल्याची ती खूण असते, आणि त्याला दाबाच्या चेंबरमध्येच उपचार लागतात.

अमेरिकेत इजा झाली तर तारखा लक्षात ठेवा. गोदी-बंदरातल्या कामगारांच्या फेडरल भरपाई कायद्यात मालकाला ३० दिवसांत लेखी कळवायचं आणि एका वर्षात दावा लावायचा. तुम्ही जहाजाचे माणूस ठरलात तर दुसरा कायदा, जोन्स ॲक्ट, लागू होतो आणि त्याची मुदत ३ वर्षं. कोणता लागू होतो ते वकील सांगेल. कागद नाहीत म्हणून गप्प बसू नका: टेक्सास ज्या अपील कोर्टाखाली येतं, त्या कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय की कागद नसलेल्या कामगारालाही गोदी-बंदराच्या कायद्याची भरपाई मिळते. हे फेडरल कायदे इथे जास्तच महत्त्वाचे, कारण टेक्सासमध्ये खाजगी मालकावर कामगार विम्याची सक्तीच नाही. धोक्याची तक्रार केली म्हणून काढलं, तर ओशाकडे ३० दिवसांच्या आत जा. त्यांचा फोन १-८००-३२१-६७४२. आणि पगाराला '१०९९' चा कागद देत असतील तर सावध व्हा. त्याचा अर्थ, मालक म्हणतोय की तुम्ही त्याचे कामगारच नाही.

एक शब्द प्लेनो-डॅलसकडच्या आपल्या बरं चाललेल्या मराठी मंडळींसाठी. गणपतीला आपण हजारोंनी जमतो. त्यात इमिग्रेशनचे वकील असतात, डॉक्टर असतात, शिपिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणारेही असतात. किनाऱ्यावरच्या एखाद्या पोराने फोन केला तर एक कागद वाचून सांगायला, एक फॉर्म भरून द्यायला अर्धा तास लागतो. तेवढं करा.

तो मुलगा टेक्सासला येत नाहीये. आठ लाख वाचले. पण आखातातली नोकरी त्याने सोडलेली नाही, सोडता येतच नाही, कर्ज अजून दीड वर्षाचं आहे. मागच्या रविवारी त्याचा मेसेज आला. त्याने आणि टोळीतल्या तिघांनी मिळून सुपरवायझरला सांगितलं, पंपरूममध्ये आमचा एक माणूस उभा राहील, त्याशिवाय उतरणार नाही. सुपरवायझर चिडला, पण जहाज थांबलेलं होतं, म्हणून हो म्हणाला. कुलूप अजून नाही. पण पंपाशी आता त्यांचा माणूस असतो.

तुमच्या कामाची चावी कोणाच्या खिशात असते? उद्या कामावर गेलात की आधी तेवढं बघा.